मालाने भरलेल्या व्हॅनच्या टायरमध्ये हवा किती असावी: दाब ठरवण्याची क्रमवार पद्धत

व्हॅनमध्ये माल भरला की टायरमधली हवा वाढवावी लागते, एवढे बहुतेक चालकांना ठाऊक असते. ती किती वाढवायची, कोणत्या चाकांत वाढवायची आणि केव्हा मोजायची, इथे मात्र गल्लत होते. कोणी टायरवर छापलेला मोठ्यात मोठा आकडा चारही चाकांत भरून मोकळा होतो, तर कोणी रिकाम्या गाडीचाच दाब वर्षभर तसाच चालवतो. काहीजण पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून पंपावर पोहोचतात, तिथे गरम टायरचा दाब मोजतात आणि तो वाढलेला पाहून हवा सोडून देतात. या सगळ्या चुकांच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती म्हणजे दाबाचा आकडा टायरवर अवलंबून असतो. प्रत्यक्षात तो आकडा त्या चाकावर येणाऱ्या भारावरून ठरतो आणि थंड टायरवरच मोजला जातो.

पुढील पायऱ्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात, कारण आधीच्या पायरीत मिळालेला आकडा पुढच्या पायरीत लागतो.

## तयारी

स्वतःचे दाबमापक गेज जवळ असणे ही पहिली गरज आहे. पंपावरचे गेज दिवसभर आपटत असते आणि ते बरोबर दाखवते की नाही, हे आपल्याला पाहता येत नाही. गेज घेताना त्याची कमाल मर्यादा पाहावी. व्हॅनच्या मागच्या चाकांत ६० पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर पौंड, हे दाबाचे एकक) आसपास हवा लागत असेल, तर ६० पर्यंतच मोजणारे गेज निरुपयोगी आहे. १०० पीएसआयपर्यंत मोजणारे घ्यावे, कारण काट्याचे गेज साधारणपणे आपल्या पट्टीच्या मधल्या भागात अधिक अचूक असते. त्याशिवाय तेवढ्या दाबापर्यंत हवा भरू शकणारा पंप, एक वही आणि थोडे साबणाचे पाणी असले की पुरे.

एककांच्या गोंधळामुळे झालेल्या चुका बऱ्याच वेळा फार मोठ्या असतात, म्हणून हे रूपांतर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे: १ बार म्हणजे १०० किलोपास्कल म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय. काही गेजवर किलो प्रति चौरस सेंटिमीटर अशी पट्टी असते; तिथला १ म्हणजे सुमारे १४.२ पीएसआय. बोलताना चालक जेव्हा नुसते "साडेचार" म्हणतो, तेव्हा ते बार आहेत की किलो, हे विचारून घ्यावे.

## पायरी १: गाडीवरचे स्टिकर वाचावे

चालकाच्या दाराच्या चौकटीवर, दाराच्या कडेला किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दाबाचे स्टिकर असते. ते सापडले नाही तर गाडीची पुस्तिका पाहावी. त्यावर टायरचा आकार आणि पुढच्या व मागच्या चाकांचे दाब वेगवेगळे दिलेले असतात. अनेक व्हॅनच्या स्टिकरवर दोन ओळी असतात: एक रिकाम्या किंवा हलक्या गाडीसाठी आणि दुसरी पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. दोन्ही ओळी वहीत उतरवून घ्याव्यात. एकच ओळ असेल, तर गाडी रिकामी असो वा भरलेली, तोच दाब ठेवायचा असतो.

स्टिकरजवळ किंवा बॉनेटखाली आणखी एक धातूची पट्टी असते. त्यावर गाडीचे कमाल एकूण वजन आणि पुढच्या व मागच्या ॲक्सलवर (डाव्या-उजव्या चाकांच्या जोडीच्या आसावर) चालणारा कमाल भार लिहिलेला असतो. हे तीन आकडेही टिपून ठेवावेत. पायरी ३ मध्ये ते लागतील.

तपासणी: स्टिकरवरचा टायरचा आकार आणि प्रत्यक्ष बसवलेल्या टायरचा आकार जुळतो का, ते पाहावे. जुळत नसेल, तर स्टिकरवरचा दाब थेट वापरता येत नाही.

## पायरी २: टायरवरची अक्षरे वाचावीत

साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, २२५/६५ आर १६ सी ११२/११० आर अशी ओळ असते. यातला "सी" म्हणजे मालवाहू वाहनासाठी बनवलेला टायर. ११२ आणि ११० हे भार-निर्देशांक आहेत. टायर एकटा बसवला असेल तर पहिला आकडा लागू होतो आणि मागे जोडचाके (एका बाजूला दोन-दोन टायर) असतील तर दुसरा. ११२ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त १,१२० किलो, ११० म्हणजे १,०६० किलो. नेहमी दिसणारे इतर आकडे असे: १०४ म्हणजे ९०० किलो, १०७ म्हणजे ९७५ किलो आणि १०९ म्हणजे १,०३० किलो. ओळीच्या शेवटचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते.

अनेक टायरवर कमाल भार आणि तो पेलण्यासाठी लागणारा थंड दाबही छापलेला असतो, उदाहरणार्थ १,१२० किलोला ४७५ किलोपास्कल, म्हणजे सुमारे ६९ पीएसआय. सर्वाधिक गैरवापर याच आकड्याचा होतो. तो आकडा "एवढी हवा भरा" असे सांगत नाही. टायरवर त्याच्या क्षमतेइतका पूर्ण भार आला तर एवढा दाब लागेल, एवढेच त्यातून कळते. व्हॅनच्या पुढच्या चाकांवर तेवढा भार बहुधा येतच नाही. तिथे तो दाब ठेवला तर टायरचा रस्त्याशी टेकणारा भाग आक्रसतो, पकड कमी होते आणि नक्षी मधोमध झिजते.

इशारा: निर्देशांकापेक्षा जास्त भार असेल तर तो जादा हवा भरून पेलता येत नाही. अशा वेळी माल उतरवणे किंवा गाडी बदलणे हेच उपाय आहेत.

## पायरी ३: प्रत्येक ॲक्सलवरचा खरा भार काढावा

ही पायरी जवळपास प्रत्येकजण टाळतो आणि बहुतेक चुका इथेच होतात. मालाच्या पावतीवरचे वजन पुरेसे नसते, कारण त्यात चालक, मदतनीस, भरलेली टाकी, हत्यारे आणि गाडीत कायम बसवलेले कप्पे धरलेले नसतात. शिवाय पावतीवरून एकूण वजन कळले, तरी ते पुढे किती आणि मागे किती गेले, हे कळत नाही. दाब ठरवायला नेमके तेच लागते.

गाडी नेहमीच्या पद्धतीने भरावी, माणसे आपापल्या जागी बसवावीत आणि वजनकाट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन वजन नोंदवावे, मग संपूर्ण गाडी घ्यावी. एकूण वजनातून पुढचे वजन वजा केले की मागच्या ॲक्सलचा भार मिळतो. जागा असेल तर फक्त मागची चाके काट्यावर घेऊन तो पडताळून पाहावा. काट्याची फळी आणि तिच्याबाहेरची जमीन एकाच पातळीत हवी. गाडी तिरकी राहिली तर भार एका ॲक्सलकडे सरकतो आणि आकडा फसवा येतो.

शक्य असेल तिथे एका बाजूची चाकेही वेगळी तोलावीत. ज्या व्हॅनमध्ये एका भिंतीला कपाटे, जनरेटर किंवा पाण्याची टाकी बसवलेली असते, तिथे डाव्या आणि उजव्या चाकांत लक्षणीय फरक निघतो. ॲक्सलचा भार दोनने भागून आलेली सरासरी अशा गाडीच्या जड बाजूच्या टायरला न्याय देत नाही.

मागच्या ॲक्सलच्याही मागे ठेवलेला माल आणि ओढायच्या ट्रेलरचा हूकवरचा भार यांचा परिणाम दिसतो त्याहून मोठा असतो. समजा, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये ३ मीटर अंतर आहे आणि हूक मागच्या ॲक्सलपासून १.२ मीटर मागे आहे. हूकवर १०० किलो भार आला, तर मागच्या ॲक्सलवर १०० नव्हे, १४० किलो वाढतात आणि पुढच्या ॲक्सलवरचे ४० किलो कमी होतात. म्हणून ट्रेलर ओढणार असाल तर तो जोडूनच, पण त्याची स्वतःची चाके काट्याबाहेर ठेवून, गाडीचे वजन करावे.

वजनकाटा उपलब्ध नसेल तर अंदाज बांधू नये. गाडी पूर्ण भरलेली आहे असे धरून स्टिकरवरच्या भरलेल्या गाडीच्या ओळीतला दाब ठेवावा.

तपासणी: पुढचा भार, मागचा भार आणि एकूण वजन हे तिन्ही आकडे पायरी १ मधल्या मर्यादांच्या आत आहेत का? एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो, आणि व्हॅनमध्ये हे नेहमी घडते, कारण माल दाराजवळच रचून ठेवणे सोपे असते. तसे आढळल्यास जड माल पुढे सरकवून पुन्हा काटा करावा.

## पायरी ४: दाबाचा आकडा ठरवावा

टायर मूळ आकाराचे आणि मूळ प्रकारचे असतील तर स्टिकर प्रमाण मानावे. गाडी पूर्ण भरलेली किंवा त्याच्या जवळपास असेल, तर भरलेल्या गाडीची ओळ. अर्धवट भरलेल्या गाडीच्या बाबतीत शंका असेल, तर जास्त दाबाकडे झुकावे. थोडा जास्त दाब ठेवल्याने गाडी आदळते आणि पकड काहीशी घटते. कमी दाबामुळे मात्र साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला वाजवीपेक्षा जास्त वाकते, आतून तापते आणि शेवटी फुटू शकते. दोन्ही चुका सारख्या वजनाच्या नाहीत.

टायर बदललेले असतील तर काम थोडे किचकट आहे. आकार तोच असला तरी प्रकार वेगळा असू शकतो. साधा कारचा टायर आपली पूर्ण क्षमता २५० किलोपास्कलला, म्हणजे सुमारे ३६ पीएसआयला गाठतो. जादा भाराचा एक्सएल टायर २९० किलोपास्कलला, म्हणजे ४२ पीएसआयला. सी प्रकारच्या टायरला त्याहून बराच जास्त दाब लागतो. त्यामुळे कारच्या टायरसाठी लिहिलेले ३६ पीएसआय सी टायरमध्ये भरले, तर टायर मजबूत असूनही त्याची भार पेलण्याची ताकद पूर्ण मिळत नाही. "आता दणकट टायर टाकले, काळजी नाही" असे म्हणून जुनाच दाब ठेवणारे इथेच फसतात. अशा वेळी टायर उत्पादकाच्या भार-दाब तक्त्यात आपल्या आकाराची ओळ शोधावी, जड बाजूच्या चाकावरचा भार पाहावा आणि त्याच्यासमोरचा किंवा त्यापुढचा दाब घ्यावा. नव्या टायरचा भार-निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी असेल, तर दाबाचा विचार करण्याआधी टायर परत करावेत.

आकडा बरोबर आला की नाही, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, गाडीचे एकूण वजन ३,३३० किलो आणि पुढचा भार १,४८० किलो आहे. म्हणजे मागच्या ॲक्सलवर १,८५० किलो. मागच्या दोन चाकांत उजवे ९६० आणि डावे ८९० किलो उचलते. टायर वर दिलेलाच, म्हणजे ६९ पीएसआयला १,१२० किलो पेलणारा. ९६० ला १,१२० ने भागून ६९ ने गुणले तर सुमारे ५९ येतात. असा थेट प्रमाणाने काढलेला आकडा तक्त्यातल्या आकड्यापेक्षा सहसा थोडा जास्तच असतो, कारण भार कमी होतो त्यापेक्षा लागणारा दाब अधिक वेगाने कमी होतो. म्हणून पडताळणीसाठी तो सुरक्षित आहे. स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी मागे ६२ लिहिले असेल, तर ६२ च ठेवावेत. ५९ चालतील म्हणून तीन पीएसआय कमी करण्याचा मोह आवरावा, कारण स्टिकरवरच्या आकड्यात नुसते ओझे पेलणे नव्हे, तर वळणावरचा कल, ब्रेक लागल्यावर सरकणारा भार आणि वेग हेही धरलेले असते.

एकाच ॲक्सलवरच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब ठेवावा आणि तो जड बाजूला लागेल एवढा असावा. डावीकडे ५७ आणि उजवीकडे ६२ असे वेगळे दाब ठेवले, तर माल उतरल्यावर किंवा जोरात ब्रेक लागल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

इशारा: जोडचाकांत आतल्या आणि बाहेरच्या टायरचा दाब सारखा हवा. आतला टायर नरम असेल तर त्याच्या वाट्याचा भार बाहेरचा उचलतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही ठीक दिसतात. आतल्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचत नाही म्हणून तो न मोजणे ही सबब चालणार नाही. त्यासाठी व्हॉल्व्हची वाढीव नळी बसवून घ्यावी.

## पायरी ५: व्हॉल्व्ह आणि रिम हा दाब सोसतील का

ठरलेला दाब ६५ पीएसआयच्या वर असेल, तर व्हॉल्व्हकडे लक्ष द्यावे. कारला बसवतात तो साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच्या दाबासाठी असतो. त्यापुढे उच्च दाबाचा किंवा धातूचा नटाने आवळलेला व्हॉल्व्ह लागतो. टायर बदलताना दुकानदार हाताशी असलेला साधा व्हॉल्व्ह बसवून देतो, म्हणून त्याच वेळी विचारावे. रिम बदललेली असेल, तर तिच्यावर कोरलेली भाराची मर्यादाही पाहावी. व्हॉल्व्हचे रबर बोटाने वाकवून पाहिल्यावर बुडाशी भेगा दिसत असतील, तर तो बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

## पायरी ६: टायर थंड असताना हवा भरावी

गाडी किमान तीन तास उभी असेल किंवा सावकाश दोन-तीन किलोमीटरच चाललेली असेल, तर टायर थंड मानतात. म्हणून पहाटे, निघण्यापूर्वी, उन्हाची तिरीप टायरवर येण्याआधी हे काम उरकावे. पंप घरी नसेल, तर जवळच्या पंपापर्यंत हळू जावे.

माल आधी भरावा की हवा आधी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ओझे चढल्याने टायरमधला दाब जवळजवळ वाढत नाही. टायर खाली किंचित दबतो, पण आतल्या हवेची जागा नगण्यच घटते. त्यामुळे "माल चढला की दाब आपोआप वाढेल" हे चूक आहे. गेजचा आकडा दोन्ही वेळा सारखाच येत असला, तरी हवा आधी भरावी, म्हणजे नरम टायरवर ओझे पडून राहत नाही.

हवा भरण्याचा क्रम असा ठेवावा.

१. चारही टायर आधी फक्त मोजावेत आणि आकडे लिहावेत. एका ॲक्सलच्या दोन टायरमध्ये मोठा फरक असेल, तर तो नुसती हवा भरून झाकू नये. कमी हवेच्या टायरमध्ये खिळा किंवा गळका व्हॉल्व्ह असण्याची शक्यता असते.

२. मागच्या चाकांत ठरलेल्या दाबापेक्षा एक-दोन पीएसआय जास्त भरावे आणि मग गेज लावून थोडे-थोडे सोडत आकड्यावर आणावे. भरताना साइडवॉलच्या समोर बसू नये. लांब नळी वापरून टायरच्या पुढच्या किंवा मागच्या बाजूला उभे राहावे.

३. पुढच्या चाकांत त्यांचा स्वतःचा आकडा भरावा. पुढे-मागे एकच दाब ठेवण्याची सवय बहुतेक व्हॅनला चालत नाही.

४. व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकावा. बुडबुडा आला तर आतली पिन आवळावी किंवा बदलावी. मग टोपण लावावे.

५. स्टेपनीत दोन्ही ॲक्सलपैकी जो मोठा दाब असेल तो ठेवावा. रस्त्यात हवा सोडता येते, भरता येईलच असे नाही.

इशारा: एखादा टायर भरलेल्या गाडीखाली बराच नरम असताना चालवला गेला असेल, तर त्यात लगेच हवा भरून पुढे जाऊ नये. त्याची साइडवॉल आतून चुरलेली असू शकते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तो रिमवरून काढून आतून तपासून घ्यावा.

## पायरी ७: वाटेत काय पाहावे

चालताना टायर तापतो आणि दाब वाढतो. हे अपेक्षितच आहे आणि स्टिकरवरचा थंड आकडा तेवढी वाढ गृहीत धरूनच दिलेला असतो. गरम टायरमधून हवा कधीही सोडू नये. ६२ चे ६८ झालेले पाहून कोणी ते पुन्हा ६२ वर आणले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये ५६ च्या आसपासच हवा असेल आणि वर तोच माल.

विश्रांतीच्या थांब्यावर एकाच ॲक्सलचे दोन्ही टायर मोजून तुलना करावी. दोन्ही सारखे वाढलेले असतील तर ठीक. एक मागे राहिला असेल तर तो गळतो आहे. वाटेत गरम टायरमध्ये हवा भरणे भागच पडले, तर त्याच ॲक्सलच्या निरोगी टायरइतकी भरावी आणि पुढच्या सकाळी थंड असताना पुन्हा मोजावी.

डोळ्यांवर विसंबू नये. रेडियल टायरचे बूड योग्य दाबालाही थोडे फुगलेले दिसते, आणि ४८ व ६२ पीएसआयमधला फरक नजरेला कळत नाही. लाथ मारून तर मुळीच कळत नाही. डॅशबोर्डवरच्या इशाऱ्याच्या दिव्याचेही तसेच. बऱ्याच गाड्यांत तो दाब २० ते २५ टक्के उतरल्यावर लागतो, म्हणजे ६२ च्या ठिकाणी जवळपास ५० उरल्यावर. दाब बदलल्यानंतर ज्या गाड्यांत ही यंत्रणा नव्याने नोंदवावी लागते, तिथे पुस्तिकेप्रमाणे ते करावे. नाहीतर ती रिकाम्या गाडीच्या आकड्याशी तुलना करत राहते आणि इशारा आणखी उशिरा मिळतो.

## पायरी ८: माल उतरल्यावर आणि हवामान बदलल्यावर

स्टिकरवर दोन ओळी असतील आणि गाडी पुढचे काही दिवस रिकामी धावणार असेल, तर दुसऱ्या दिवशी टायर थंड असताना दाब रिकाम्या गाडीच्या ओळीवर आणावा. भरलेल्या गाडीचा दाब रिकाम्या गाडीत ठेवल्यास मागचा भाग उडतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना मागची चाके लवकर घसरतात. जाताना माल आणि येताना रिकामी, असा एकाच दिवसाचा फेरा असेल तर मात्र भरलेलाच दाब ठेवावा. दुपारी गरम टायरची हवा सोडत बसण्यापेक्षा परतीचा आदळणारा प्रवास परवडतो.

बाहेरचे तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले, तर ३५ पीएसआयच्या टायरमध्ये सुमारे दीड आणि ६५ पीएसआयच्या टायरमध्ये सुमारे अडीच पीएसआय कमी होतात. त्याखेरीज टायर धडधाकट असला तरी महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपसूक जातेच. म्हणून रोज भरून चालणाऱ्या व्हॅनचे टायर आठवड्यातून एकदा, ऋतू बदलताना त्याहून लवकर, आणि लांबच्या प्रत्येक भरलेल्या फेरीआधी मोजावेत. प्रत्येक मोजणी वहीत तारखेसह लिहावी. एखाद्या टायरचा आकडा इतरांपेक्षा सतत जास्त उतरत असेल, तर तो वहीत आधी दिसतो. झिजलेली नक्षी हा पुरावा फार उशिरा मिळतो: दोन्ही कडा झिजल्या की बहुधा हवा कमी होती आणि मधला भाग झिजला की जास्त होती, हे कळते खरे, पण तोपर्यंत त्या टायरचे बरेचसे आयुष्य संपलेले असते.